चौघांची शर्यत

गौरीनं वर्गात फुशारकी मारली होती आणि ती निस्तरायची होती कुसुमताईंना.

झालं असं, की तिसरीच्या वर्गात दर शुक्रवारी कुणाची तरी आजी नाहीतर आजोबा येऊन देवादिकांची गोष्ट सांगत. तिस्ताची ठाम्मा, म्हणजे बापाची आई, येऊन गेली. तिनं नागांची देवी अशी रंगवली की मुलं पाय बाकावर घेऊन बसली. त्यानंतर तिस्ता आठवडाभर नाक वर करून हिंडत होती. गौरीला ते सहन होईना.

"मी सांगितलं, माझ्या आजीला सगळ्या देवांच्या गोष्टी येतात. आणि ती कध्धी चुकत नाही."

कुसुमताईंचं लाटणं पोळपाटावरच थांबलं. "अगं बाई! आणि हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच. आता तू चुकू नकोस हं, आजी. तिस्ता हसेल मला."

शरदराव पेपरामागून म्हणाले, "गणपतीच्या प्रदक्षिणेची सांग. ती पाठ आहे तुला. लग्न झाल्यापासून ऐकतोय."

"ऐकताय कसले! कधी हुं म्हणालात?"

त्या हुंकारावर कुसुमताईंचा फार जीव. मिरजेला त्यांची आई तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगे. ऐकणाऱ्यानं मधूनमधून हुं म्हणायचं, हुं आला नाही की सुपातला हात थांबायचा आणि गोष्टही. आणि शब्द बदललेला आईला मुळीच खपत नसे. 'उंदीर' ऐवजी कुणी 'उंदीरमामा' म्हटलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ती गोष्ट कुसुमताईंनी तशीच्या तशी जपून इकडे बंगालमध्ये, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आणली, तिथे मुलाला सांगितली आणि आता खिदिरपूरच्या फ्लॅटमध्ये नातीला. चुकायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी हिरवी नारायणपेठ नेसून त्या वर्गात उभ्या राहिल्या. बाजारहाट करून करून त्यांचं बंगाली चांगलं धीट झालं होतं, अडलं की हिंदी होतंच. आधी त्यांनी मुलांना हुंकार शिकवला. मुलांनी असा काही हुं केला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. गौरी तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती, राज्याभिषेक तिचाच असल्यासारखी.

"फार फार वर्षांपूर्वी कैलासावर शंकर-पार्वती राहत होते. त्यांना दोन मुलगे होते. कार्तिक आणि गणेश."

हुं आलाच नाही.

तिस्ताचा हात वर गेला. "ठाम्मा, आणि लक्ष्मी-सरस्वती?"

"त्यांचं काय?"

"त्या पण दुर्गामाचीच मुलं ना? ती माहेरी येते तेव्हा चौघांना घेऊन येते."

"चारच आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग चार बोटं नाचवू लागला.

इतकी वर्षं दर दुर्गापूजेला कुसुमताई मांडवात जात होत्या. मधे दुर्गा, एका बाजूला लक्ष्मी-गणेश, दुसऱ्या बाजूला सरस्वती-कार्तिक. हात जोडायच्या, खिचडीचा भोग खायच्या आणि घरी येऊन दोनच मुलांची गोष्ट सांगायच्या. मांडवातली चार आणि गोष्टीतली दोन यांची कधी गाठच पडली नव्हती. आमच्याकडे लक्ष्मी विष्णूची बायको, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण तिस्ता गौरीकडे वळून बघत होती आणि गौरीची मान हळूहळू दप्तरात शिरत होती.

आई, माफ कर गं, असं मनात म्हणून कुसुमताईंनी पदर खोचला.

"बरोबर. चारच. मीच दोघींना घरी विसरून आले. मग शर्यतीत त्याही धावणार. पृथ्वीला फेरी मारून पहिला येईल त्याला आंबा. आता मला सांगा, सरस्वती कशावर निघाली?"

"हंसावर!"

"आणि लक्ष्मी?"

"घुबडावर!" मग एक मुलगा स्वतःच विचारात पडला. "पण ठाम्मा, शर्यत दिवसा होती?"

"भर दुपारी."

"मग घुबड झोपलं असणार!"

वर्ग हसून लोळला. कार्तिक मोर घेऊन सुसाट सुटला खरा, पण वाटेत मिशी नीट करायला थांबला, हे मुलांनीच ठरवलं. बंगालचा कार्तिक तो, मोठा नटवा, थांबणारच. राहिला गणपती. त्यानं विचार केला, आईबापच माझी पृथ्वी. बसला उंदरावर आणि निघाला आईबापांना प्रदक्षिणा घालायला.

"हुं!" वर्ग म्हणाला. तिस्ता मात्र म्हणाली नाही.

"ठाम्मा, दुर्गामाच्या पायाशी सिंह असतो. उंदीर त्याच्यासमोरून कसा जाईल?"

मिरजेच्या गोष्टीत सिंह नव्हता. कुसुमताईंनी आवाज खाली आणला.

"नाहीच गेला. उंदीर म्हणाला, देवा, तुम्ही जा, मी इथंच बरा. थरथर कापत होता बिचारा. मग गणपती खाली उतरला. उंदराला सोंडेनं उचललं, कानामागं लपवलं आणि स्वतः पायी चालू लागला. एवढं पोट सांभाळत, धापा टाकत. सिंहासमोर आला आणि म्हणाला, दादा, जरा शेपूट बाजूला घ्या."

तिस्तानं तोंडावर हात दाबला, पण तिचं हसू बोटांमधून फुटलंच. आणि मग सगळ्यांत मोठा हुं तिचाच आला.

घरी येताना ऑटोत कुसुमताईंनी गौरीला विचारलं, "चुकले ना गं मी?"

"चुकलीस. पहिल्याच वाक्याला." गौरीनं गंभीरपणे मान हलवली. "पण तिस्ता म्हणाली, तिच्या ठाम्माला उंदराचं माहीतच नव्हतं. ती आज घरी जाऊन सांगणार आहे."

"आणि तुला हसली का?"

"मला नाही. सिंहाला." ती आजीच्या कुशीत सरकली. "आजी, मग घुबड उठल्यावर लक्ष्मीनं काय केलं?"

कुसुमताईंना ठाऊक नव्हतं. आईलाही ठाऊक नसतं. त्या उत्तर जुळवू लागल्या, तोवर गौरीनं वाट न बघता म्हणून टाकलं, "हुं."