देवळीतली किल्ली

पोट भरत आलं की काजलचं बाळ दूध सोडून तिच्या मंगळसूत्राशी खेळू लागे. तेवढा वेळ तिचा एक हात मोकळा. त्या दुपारी त्याच हातानं तिनं मोबाइलवर एक पान उघडून पाहिलं, आणि ते उघडलं.

पासवर्डशिवाय ते उघडायलाच नको होतं.

देऊळघाटातल्या सहदेवनं कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. काजल लग्न होऊन आल्यापासून तिथं कामाला. बाळंतपणानंतर घरूनच करायची. बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंसाठी त्यांनी ओल्या बाळंतिणींचं ॲप केलं होतं. धाड, रोहिणखेडसारख्या लांबच्या गावातल्या बाईला छातीला चीर पडली, गाठ आली, टाके चिघळले, तर तिनं जीपचे धक्के खात येऊ नये. फोटो पाठवावा, बाईंनी पाहून औषध सांगावं.

ॲप कुठं अडलं हे शोधायला एक अवजार होतं, डीबगर. चालत्या ॲपच्या पोटात काय येतं, काय जातं, सगळं ते दाखवी. फोटोसुद्धा. त्याला पासवर्ड होता. पण ते अवजार बनवणाऱ्या कंपनीनंच इशारा पाठवला होता की जुन्या डीबगरला भोक आहे, पासवर्डला वळसा घालून कुणीही आत शिरू शकतं, लगेच नवा बसवा.

काजलनं सांगून पाहिलं होतं. "नव्यात दरवेळी ओटीपी लागते, वहिनी," सहदेव म्हणाला होता. "मी वावरात असलो का रेंज कुठं राह्यते? जुनाच बरा. देवळीतल्या किल्लीवानी."

गावाची रीतच ती. वावरात जाताना कुलूप लावायचं आणि किल्ली दाराशेजारच्या देवळीत ठेवायची. साऱ्या गल्लीला ठाऊक, आणि गल्लीची लाज म्हणून कुणी हात लावत नाही. जगाच्या गल्लीत कोण कुणाची लाज धरतो?

आज तिनं इशाऱ्यात लिहिलं होतं तसं करून पाहिलं. पासवर्ड न देता पान उघडलं. पहिलाच फोटो शेजारच्या ताहेराच्या छातीवरच्या चिरेचा. चेहरा नव्हता, पण बाळाच्या मनगटातला चांदीचा ताईत होता, आणि खाली पूर्ण नाव. ताहेरा तयारच नव्हती फोटोला. "फक्त बाई पाहातीन, माही जबान हाय," म्हणत काजलनंच मोबाइल धरला होता.

बाळाला कडेवर घेऊन ती ऑफिसचा जिना चढली. सहदेव तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसला होता.

"सहदेवदादा, डीबगर बंद करा. आत्ताच्या आत्ता. बिनपासवर्डचा उघडून राह्यला."

"माहीत हाय मले." त्यानं खर्रा गालात सारला. "पन पत्ता कोनाले माहीत हाय? मले, तुमाले अन् गणेशले. बस!"

"खालच्या गणेशभाऊले? ते तर खतं विकतात. त्याहिले काऊन सांगतला?"

"गंमत म्हनून पाठोली होती लिंक." तो हसला. कागदी कपात थुंकला. "तर मले म्हने, साऱ्या जखमाच हायेत बे, पाहाले काई मजाच नाही."

तापवलेल्या दुधाच्या पातेल्यात पाल निघावी, तसं झालं काजलला. बाळ त्या हसण्याकडं बघून हसायला लागलं, तसं तिनं त्याचं तोंड आपल्या खांद्याकडं वळवलं. तो वास, तो कप, ते हसू, यातलं काही त्याच्या अंगाला लागू नये.

ती कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसली आणि तिनं डीबगर बंद केला.

"अवो, उद्या बाईले नवा भाग दाखवाचा हाय! ॲप अडलं तं?"

"अडू द्या. बाईले मी सांगीन काय झालं ते."

"हे ऑफिस माहं हाय, वहिनी."

"अन् ते फोटो कोनाचे हायेत?"

सहदेवचा आवाज एकदम मऊ झाला. "बंद झालं ना? झालं मंग. गावात बोंबलू नका. बाया उगीच घाबरतीन."

घरी येताना तेच वाक्य तिच्या पायात घोटाळत होतं. खरंच, न सांगितलं तर ताहेराला काय कळणार? पण ताहेरा ओट्यावरच बसली होती, आणि नेहमीसारखे तिनं बाळासाठी हात पुढं केले.

काजलनं बाळ दिलं नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. गणेशचं वाक्य तेवढं गिळलं.

"गणेश?" ताहेरा हळूच म्हणाली. "आमचे हे बियानं आनतात, तो?"

"हो."

"तू म्हनली होती, फक्त डॉक्टरीनबाई."

"हो. मी म्हनली होती."

ताहेरा उठली. मोरीवर जाऊन थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली. दुपट्टा गळ्यापर्यंत ओढून परत आली, ती काजलपासून लांब टेकली.

"बाकीच्यायले सांगतलं?"

"नाही अजून."

"मंग माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यली? लाव फोन. माह्यासमोर लाव."

ॲप शिकवायला काजलनंच एकेकीला फोन केले होते. नंबर तिच्याजवळ होते. बाळ रडायला लागलं. ताहेरानं त्याला घेतलं नाही. काजल पायरीवर बसली, त्याला पदराखाली घेतलं आणि मोकळ्या हातानं रोहिणखेडचा नंबर लावला.

पलीकडून "हॅलो" आलं, आणि त्याच्या मागून एका तान्ह्याचं रडणं.

काजलनं आपलं नाव सांगितलं.