पन्नास मीटरचा पठ्ठ्या

पाठीवर 'पन्नास मीटर' कोरलेलं असलं की पाण्याला भिण्याचं कारण नाही, असंच तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. मी एक स्मार्टवॉच, आमच्या घराण्यातल्या तिसऱ्या पिढीचा. पहिल्या पिढीला हात धुतानाचे शिंतोडे तेवढे सोसायचे. मी मात्र पोहायलाच जन्मलो.

नुरिझाने मला किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये काही वर्षं वापरलं. मग इस्सिक-कुल सरोवराकाठी एकटी राहणाऱ्या आपल्या आईच्या, कान्यशाईच्या मनगटावर बांधलं आणि, तिथे आईला म्हणतात तसं 'आपा' म्हणत, अट घातली.

"आपा, तुझ्या छातीचे ठोके मला रोज फोनवर दिसले पाहिजेत. ज्या दिवशी दिसणार नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला शहरात नेईन."

गेल्या हिवाळ्यात आईने दवाखान्यातल्या खाटेवरून "मी ठणठणीत आहे" असं सांगितलं होतं. लेक ते विसरली नव्हती.

कान्यशाईला सरोवर सोडायचं नव्हतं. सकाळी गाईचं दूध काढलं की ती पाण्यात उतरायची. ती हात मारायची, मी ठोके मोजायचो. दोघंही खूश.

तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणणारी शेजारची गुलशार मात्र नवव्या पिढीचं घड्याळ मिरवायची.

"एजे, तुझं म्हातारं झालं. माझं बघ, पाण्यात शिरलं की काचेला आपोआप कुलूप लागतं. बाहेर आलं की कानातलं पाणी गुणगुणून झटकतं."

"आणि पाठीवर किती लिहिलंय?"

"पन्नास मीटर."

"माझ्याही तेवढंच. मग सहा पिढ्या काय नुसतं गुणगुणायला शिकल्या?"

मी फुगलो. माझ्या कडेचं रबर झिजलंय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी गुलशारकडे बान्या तापला. तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफेत बसायचं, बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी एकमेकींच्या पाठी झोडपायच्या. गुलशारने दारातच आपलं घड्याळ खुंटीला अडकवलं.

"एजे, काढ ते."

"पन्नास मीटर पाणी सोसतं ते. इथे बादलीभर आहे," असं म्हणत कान्यशाई आत शिरली.

अहो, तो आकडा थंड, शांत पाण्याच्या दाबाचा. वाफ दाब देत नाही, ती लाडीगोडीने आत येते. उष्णतेने रबर सैल पडलं, साबणाने उरलंसुरलं काम केलं. काचेआतून धुकं चढलं आणि मी अंधारलो. कान तेवढे शाबूत राहिले.

गुलशारच्या सांगण्यावरून मला पुलावाच्या तांदळात पुरलं. मी काही सुधारलो नाही, तांदळाला मात्र साबणाचा वास लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"आपा, तुझे ठोके दिसत नाहीत."

"ठोके माझ्या छातीत आहेत गं, घड्याळात नाहीत."

"गेल्या वेळीही असंच बोलली होतीस. उद्या येते."

कान्यशाईने मला तांदळातून काढून पुसलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या भावंडांसाठी एवढंच मागणं आहे: आकड्यासोबत त्यांचं वयही विचारा, आणि वाफेत जाताना त्यांना खुंटीवर विसावू द्या.

पुढचं गुलशारच्या तोंडून माझ्या कानांवर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नुरिझा आईचे कपडे न्यायला रिकामी पिशवी घेऊन पहिल्या गाडीने आली. आई सरोवरात पोहत होती. ती बाहेर आल्यावर नुरिझाने तिच्या ओल्या मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले, आणि पिशवीत जर्दाळूचा मुरंबा घेऊन ती एकटीच परत गेली.