बाण नसलेली वीट

ताईने प्लास्टरचं वेष्टण सोडलं आणि आतला तुकडा सगळीकडून फिरवून पाहिला. विटेएवढ्या मातीच्या त्या तुकड्यावर बाणच नव्हता!

खड्ड्यातून माती कापून काढली की आधी बाण काढून वरची बाजू दाखवायची, मग गुंडाळायचं. हे बाबांनी तिला दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलं होतं. बाबा तीस वर्षं उत्खननावरचे मुकादम. ती मातीचे थर वाचणारी. आणि घाईघाईत बाण विसरली तो नेमका याच विटेवर.

विटेचं एक टोक राखेचं, दुसरं पुराच्या गाळाचं. राख वर असेल, तर पुरानंतर माणसं परतली, चुली पेटल्या. गाळ वर असेल, तर पुरात सगळं संपलं. उत्खननाच्या प्रमुख साहेबांनी ‘संपलं’ असं लिहूनही टाकलं होतं. राख वर होती असं बाबा सांगत राहिले, तर साहेब चारचौघांत म्हणाले, “मुकादम, तुम्हाला आता राख दिसते तरी का?” ते बाबांना फार लागलं. खड्डा बुजवून आता तिथे गाड्या उभ्या राहत होत्या. उरली ती ही वीट.

जाडे कण गाळात खाली बसतात, म्हणून तिने भिंगातून ते शोधले. छे, सगळा गाळ पिठासारखा एकजात बारीक. चूल जागेवर पेटली तर राखेखाली भाजलेली लाल माती असते, तीही नाही. म्हणजे राख कुणीतरी दुसरीकडून आणून टाकलेली.

शेवटी ती वीट घेऊन घरी आली.

“बाबा, तुम्हीच कापलीत ना ही? वरची बाजू कुठली?”

“बाण कुठाय?”

“राहिला.”

बाबांनी मान हलवली. मग हसले. “माझ्या हाताखाली असतीस तर घरी पाठवली असती. आण इकडे.”

अधू डोळे मिटून त्यांनी राखेच्या टोकावर बोटं फिरवली. चेहरा खुलला. “हीच वर! खापरीचा कंगोरा लागतोय. कापताना सुरी अडखळली होती त्यावर.”

ताईचा जीव भांड्यात पडणारच होता. पण एकदा मोजून गप्प बसायची तिला सवय नव्हती. तिने हळूच वीट उलटी केली.

“परत बघा ना.”

“किती पिडशील गं? हीच वर. हा काय कंगोरा!”

बाबांचं बोट आता गाळावर होतं. तिने स्वतः चाचपून पाहिलं. दोन्ही टोकं गुळगुळीत.

तिने अहवालात लिहिलं : क्रम सांगता येत नाही. म्हणजे साहेबांचंच खरं राहणार.

“लिहिलंस? राख वर म्हणून?”

“हो, बाबा.”

बाबा वीट मांडीवर घेऊन, नसलेल्या कंगोऱ्यावर अंगठा फिरवत बसले.