पूर्ण झालेलं तळं

हेल्दुरला इंग्रजी शिकवण्यात एवीबाईंचा फायदा तिहेरी होता. दर गुरुवारी अल्डर लाकडाच्या धुरावर भाजलेला तळ्यातला मासा, तोही हेल्दुरची बायको माइमू हिच्या हातचा. अनुदान मिळालंच, तर तार्तूच्या विद्यापीठातल्या सगळ्या प्रयोगशाळांत बाईंचं नाव. आणि नवरा सोडून गेल्यापासून मुक्या झालेल्या स्वयंपाकघरात तासभर माणसाचा आवाज. ही शेवटची बाब त्या स्वतःपाशीसुद्धा उघड मान्य करत नसत.

“पुन्हा म्हणा. टॅक्सपेअर.”

“टॅक्सपेअर. म्हणजे मीच की, बाई!”

“तुम्ही नाही. तुम्ही त्याच्या जिवावर जगणारे. त्याचं नाव निघालं की मान जरा खाली घालायची.”

“चर्चमधल्यासारखी? आजीच्या मयतीनंतर मी तिकडे फिरकलो नाही.”

हेल्दुर तळ्याकाठच्या संशोधन केंद्रात राहायचा. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक होडी आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी. तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली मोजायची. पाणी किती निवळ आहे ते कळतं. हे काम आधी त्याचे वडील करत. त्यांच्या हयातीत झेंडे बदलले, अंमल बदलला, पण तबकडी पाण्यात जायची थांबली नव्हती. आता सरकारी अनुदान ठरवायला परदेशी तज्ज्ञांची समिती येणार होती आणि मुलाखत इंग्रजीत होती.

फंडिंग, इम्पॅक्ट, आउटकम असे शब्द त्याने शाळकरी पोराच्या निष्ठेने घोटले. एकच प्रश्न घशाखाली उतरेना.

“काम पूर्ण कधी होणार?” समितीच्या आवाजात बाईंनी विचारलं.

“कधीच नाही.”

“झालं! न संपणाऱ्या गोष्टीला सरकार पैसे देत नसतं.”

“सैन्याला देतं की.”

“तुमच्या तळ्यात पाणबुड्या आहेत का?”

हेल्दुर हसला, मग गंभीर झाला. “अहो, ही तळ्याची नाडी आहे. एवढ्या वर्षांची बघून झाली, आता पुरे, असं कुठला वैद्य म्हणतो?”

“हे आपल्या भाषेत फार सुंदर आहे. त्यांना मात्र शेवट असलेलं वाक्य लागतं.” बाईंनी ते रचून दिलं: दोन वर्षांत ही नोंदमालिका पूर्ण होईल आणि देशाच्या हवाली केली जाईल.

“हे खोटं आहे.”

“खोटं नाही हो, मुलाखतीपुरतं आहे. पैसे येऊ द्या, पुढचं पुढे. सगळे असंच बोलतात.”

राजधानीत, टालिनला जाऊन त्याने ते वाक्य एकदाही न अडखळता म्हटलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. “बाई, मिळालं!”

“मी म्हटलं नव्हतं?”

“दोन वर्षांचं. शेवटचं. समिती खूश आहे. कुठे थांबायचं हे कळणारा माणूस भेटला म्हणाले. त्यानंतर केंद्राचं हे घर नगरपालिकेकडे जाईल. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, अहो, ते नुसतं बोलायचं म्हणून बोललो. तर तिथली मुलगी म्हणाली, साहेब, तुमचा आवाज रेकॉर्ड केलेला आहे.”

“मी येते. मी बोलते त्यांच्याशी.”

“कुठल्या भाषेत, बाई?”

बाई गेल्या नाहीत. त्यांच्या दाराशी तोवर दोन प्रोफेसर रांगेत उभे होते. त्यांनाही शेवट असलेलं वाक्य हवं होतं, आणि बाईंकडे ते तयार होतं.

दोन वर्षं सरली. मार्चमध्ये बाई बसने तळ्यावर गेल्या. ओसरीत खोकी बांधून ठेवली होती. कामाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. तरी नवराबायको बर्फावर उभे होते. हेल्दुर गिरमिटाने भोक पाडत होता.

“आज कशाला?” बाईंनी विचारलं.

“काल बर्फाचं वादळ होतं. तबकडी नीट दिसली नाही,” हेल्दुर म्हणाला. जणू त्याने काही फरक पडणार होता.

तबकडी खाली गेली. दिसेनाशी झाली.

“एक मीटर चाळीस,” तो मोठ्याने म्हणाला.

माइमूने सवयीने दातांनी हातमोजा ओढून काढला, आकडा लिहायला. मग थांबली. उघडा हात क्षणभर तसाच राहिला. तिने मोजा पुन्हा चढवला.

“चला आत. बाईंना गारठा बाधेल,” ती म्हणाली.

निघताना तिने बाईंच्या हातात पुडकं दिलं. “दुसरा मासा जरा लहान आहे हं. यंदा मिळतच नाहीत फारसे.”

“अगं, आता कशाला? शिकवणी केव्हाच संपली.”

“असू दे,” हेल्दुर म्हणाला. “तुमचं काम चोख होतं.”

हे तो टोचून बोलला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.

सरकारने कबूल केलेलं सगळं वेळेवर दिलं होतं. समितीच्या खाती एक पूर्ण झालेलं काम जमा झालं होतं. प्रोफेसरांना अनुदानं मिळाली होती, बाईंना प्रोफेसर. बसमध्ये मांडीवरचं पुडकं घरापर्यंत ऊबदार राहिलं. मासे याही वेळी हेल्दुरच्याच घरचे होते.