फ्रिजमधून समुद्रावर गेलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅक्शन कॅमेरा आहे, आणि तोही स्वस्तातला. आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी नाक मुरडायला नको. अंगाने मी साबणाच्या वडीएवढा. पाण्यात उतरायचे तर मला पारदर्शक पेटी घालावी लागते. महागड्यांना लागत नाही म्हणे. नसेल लागत.

चेन्नईत मला अवनीने मागवले. ती श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पाळीने काम करते आणि सुट्टीला कोवलमच्या समुद्रात फळीवर उभी राहून लाटांवरून घसरते. राज्याच्या संघाच्या चाचणीला जायचे, तर लाटेवरचा आपला व्हिडिओ रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. मला परत करायची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

"परतच कर हा," तिचा भाऊ उन्मेष म्हणाला. "उन्हात तापेल आणि बंद पडेल."

"तुझ्या महागड्या फोनने काय दिवे लावले रे?" त्यांची आई कमलिनी म्हणाली. पण तापण्याचा धसका घेतला तिनेच. तिच्या घरात टिकवायचे ते सगळे फ्रिजमध्ये जाते, मोगऱ्याचे गजरेसुद्धा. शनिवारी तिने मलाही इडलीच्या पिठाशेजारी बसवले आणि रविवारी ओल्या फडक्यात गुंडाळून समुद्रावर नेले.

किनाऱ्यावर अवनीने कार्ड घालायला पेटी उघडली. दमट वारा आत शिरला. ती पाच लाटा घेऊन आली, बघते तर पडद्यावर नुसते धुके.

"ताकाच्या भांड्यात बुडवलास काय?" उन्मेष हसला. अवनी हसली नाही. मला परत पाठवायला तिने सोबत आणलेले माझे खोके पुढे ओढले. मित्रांनो, एका सकाळीत माझा निकाल लागत होता.

तेवढ्यात तिला शिकवणारे राममूर्ती आले. त्यांनी मला हातात घेतले. "हा एवढा गार कसा?"

कमलिनी समुद्राकडे बघू लागली. "फ्रिजमध्ये होता."

"अय्यो अम्मा! बँकेच्या एसीतून बाहेर आलो की माझा चष्मापण असाच होतो."

"मग एवढ्या शिकलेल्या दोघांना कळू नये?" कमलिनी कडाडली. चूक तिची, ओरडा पोरांना! पण पदराने मला तिनेच पुसले, पेटी उघडी ठेवून उन्हात वाळवली, आणि माझ्याजवळून तासभर हलली नाही.

दुसऱ्या खेपेला मी सगळे टिपले. फळीवर घट्ट रोवलेली पावले, उडालेले पाणी, अवनीचे उघडे तोंड.

उन्मेषने पुन्हा पुन्हा पाहिले. "उन्हात झकास आहे. फोटोही बरे. वाऱ्यात आवाजाची खरखर होते, आणि बॅटरी तासाभरात झोपते."

"मीही दुपारी झोपते," कमलिनी म्हणाली. "दुसरी बॅटरी घ्या. ते खोके टाका आता."

व्हिडिओ गेला. अवनीला चाचणीला बोलावणे आले. त्या वर्षी निवड झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. मग तिच्याकडे नवा कॅमेरा आला आणि मी वर्षभर खणात पडून राहिलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आता अवनी लहान मुलींना शिकवते आणि त्यांच्या फळीसमोर मलाच बसवते. पेटीची कडी तुटली आहे, तेव्हा मी पाण्यात शिरत नाही, वाळूवरच्या सरावापुरता. परवा तुळसी नावाची मुलगी फळीवर उभी राहिली, पडली, आणि तोंडातली वाळू थुंकत धावत आली ती आधी माझ्याकडे. मी टिपले होते, पडण्यासकट.

मित्रांनो, समुद्रावरून आल्यावर आमचे खारे अंग गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. आमची परीक्षा खुशाल घ्या. फक्त खोके पुढे ओढण्याआधी आम्हाला घटकाभर उन्हात बसू द्या.