कुंदाचे हाते

लोटननं आयुष्यात एकच गोष्ट गरजेपेक्षा जास्त केली, आणि नेमकं त्यानंच त्याचं घर गळायला लागलं.

शिंदखेड्याकडच्या त्या गावात घरं मातीच्या धाब्याची. लाकडी कड्यांवर काटक्या, काटक्यांवर माती, आणि दरवर्षी मृगाच्या आधी वर पांढऱ्या खारीचा एक थर. ही खारी माती पाणी आत उतरू देत नाही. एक थर टाकला की माणूस चार महिने निवांत. अठ्ठ्याऐंशी साली लोटननं तीन थर टाकले. पाच दिवस बैल खारीच ओढत होते. मालक धाब्यावर दुसरं शेत काढतोय, असं त्यांना वाटलं असल्यास त्यांचा दोष नाही.

कारण होतं मधल्या खोलीतली भिंत. तिच्यावर कुंदाचे हाते होते.

कुंदा त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिला नरडाण्याला दिली. निघताना तिनं रिवाजाप्रमाणे दोन्ही तळवे हळदीत बुडवून माहेरच्या भिंतीवर उमटवले. दीड वर्षानं पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. मागं उरला लग्नातला एक फोटो. त्यात बाशिंगाच्या माळांमागं तिचं तोंड अजिबात दिसत नाही. मांडवाच्या खांबाला बांधलेली म्हैस मात्र फार सुरेख आली आहे. तेव्हा पाहायचं तर हातेच पाहायचे. भागाबाई, लोटनची बायको, भिंत सारवताना दरवर्षी तेवढी जागा सोडून सारवायची. त्यामुळं भोवतालची भिंत जाड होत गेली, आणि हाते आत राहिले, कुणी पलीकडून ढकलत असल्यासारखे.

श्रावणात झड लागली. चौथ्या दिवशी तीन थर पाणी पिऊन तट्ट फुगले. मधली तुळई वाकली, ती बरोबर हात्यांच्या वर, आणि अख्ख्या धाब्याचं पाणी तिथं गोळा होऊन भिंतीत उतरायला लागलं.

लोटननं आधी भिंतीला खताची प्लॅस्टिकची गोणी लावली. मग तिच्यावर गोधडी. मग सरळ छत्री उघडली आणि घरात, भिंतीला खेटून, तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. स्वतः भिजत होता. सकाळपासून हात बदलत बदलत उभा होता.

शेजारचा जीवराम सुतार डोकावला.

"लोटनभाऊ, भिंतले पडसं व्हयनं का?"

"बोलू नको. छत्री धर."

जीवरामनं वर पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "कितला थर टाकात?"

"तीन."

"काबर?"

"एकमा गळनं असतं तं?"

"आनि तीनमा काय व्हयनं?"

लोटननं हात बदलला. छत्रीच्या एका काडीवरून पाणी त्याच्या मानेत जात होतं.

"खारी उतारनी पडी," जीवराम म्हणाला. "नहीतं सांजपावत बठ्ठं घर खाले ई."

"वरतून उतारी तं भिंतवर सरळ पानी पडी. मंग हाते?"

जीवराम तुळईकडं पाहत राहिला.

"मंग पडू दे घर," लोटन म्हणाला.

भागाबाई चुलीपाशी होती. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली. "घर पडनं तं हाते काय वर टांगेल राहतीन का?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तीच म्हणाली, "तानुबाईले बलावा."

तानुबाईला आजूबाजूच्या पाच गावांत लग्नकार्याला बोलावणं असे, ते मांड्यांसाठी. पुरणाचा मांडा ती दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची, पालथ्या खापरावर टाकायची, आणि एक सुरकुती न पडता उचलून घ्यायची. पासष्ट वर्षांच्या त्या हातांना चटके बसत नसत, असं लोक म्हणत. चटके बसत, ती सांगत नसे.

ती पदर खोचून आली. भिंतीवर बोट दाबून तिनं पाहिलं.

"आजपावत गहूना मांडा उतारा. भिंतना पहिलाच." मग पुन्हा दाबून, "जाड शे. पन पीठ बरं भिजेल शे."

कुणी हसलं नाही. ती हसवायला म्हणालीच नव्हती.

जीवराम करवतीच्या पात्यानं हात्यांच्या कडेनं सारवण कापत गेला. भागाबाईनं पोळीच्या उलथण्यानं मागून, विटांपासून, ते हळूहळू सोडवलं. तानुबाई ओलं फडकं टाकलेले दोन्ही हात खाली धरून उभी. लोटन छत्री धरून. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर या घरात कसला विधी चाललाय, हे त्याला सात जन्मांत सांगता आलं नसतं.

उजवा हात आधी काढला. तो निम्मा उतरला आणि मनगटापाशी तुटला. चिखलाचा गोळा जमिनीवर पडला. पिवळं पाणी तानुबाईच्या कोपरावरून ओघळलं.

"पहिला मांडा बिघडसच," ती सवयीनं बोलून गेली. मग तिच्या ध्यानात आलं की इथं सगळे मिळून दोनच होते. तिनं तोंडात पदर धरला.

भागाबाईनं तो चिखल पायाखाली येऊ नये म्हणून परातीत गोळा केला. "आते डावा," ती म्हणाली.

डावा अख्खा आला. पाची बोटांसकट तानुबाईच्या हातांवर उतरला, आणि तिनं तो सुपात निजवला, अगदी अलगद, जशी पाळण्यातली पोर. मग सगळे वर चढले आणि पावसात फावड्यानं दोन थर खाली लोटले. तुळई राहिली. घर राहिलं. मधली भिंत विटांपर्यंत उघडी पडली.

झड उघडली. गावानं वाकळा, धान्य, पोरांची दप्तरं उन्हात टाकली. लोटननं ओसरीवर सावलीत सूप ठेवलं आणि शेजारी बसला. बाजरीच्या काडीनं त्यानं हाताचं माप घेतलं: मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, बरोबर. काडी तेवढी तोडली.

दुसऱ्या दिवशी काडी दाण्याएवढी पुढं आली. चौथ्या दिवशी नखाएवढी.

"हाई काडी वाढी राहिनी का?" त्यानं विचारलं.

भागाबाई जवळ येऊन बसली. माती वाळताना आवळते, हे जन्मभर सारवणाऱ्या बाईला सांगायला नको. तिनं काडी त्या हाताशी धरून पाहिली.

"सातवीमा तिना हात इतलाच व्हता," ती म्हणाली.

लोटन हिशेबाला लागला. आज सातवी. याच चालीनं गेलं तर आणखी चार दिवसांत पहिली. पोळ्यापर्यंत रांगायला लागेल. दसऱ्याला ती झालेलीच नसेल. पुढं काय, ते त्याला सुचेना. तो उठला, तांब्या आणला, आणि ज्या पाण्याशी आठवडाभर भांडला त्याचेच थेंब बोटांनी त्या हातावर शिंपडायला लागला.

"काय करी राहिनात?"

"थोडी मोठी राहू दे तिले."

पाणी जिरलं. करंगळीपाशी बारीक भेग पडली होती, ती त्यानं बोटानं दाबून बुजवायला पाहिली. करंगळी निघून आली. बोटांत भुगा झाली, आणि चार वर्षांची हळद त्याच्या उजव्या हाताला लागली.

दुपारी भागाबाईनं ताट वाढलं. "हात धुयात का?"

त्यानं उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं भाकर मोडली. डाव्या हातानं जेवणारं पोर दिसलं की आडव्या गल्लीतूनही ओरडणारी बाई ती. ती ताटापाशी वाकली. वरणाची वाटी उचलून तिनं त्याच्या डाव्या बाजूला ठेवली.