शेवटच्या खाचेतली दुपार

मित्रांनो, माझ्या पाठीवर खडूची फुली मारली होती, आणि तरीही मी तुमच्याशी बोलते आहे. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. दुसरे महायुद्ध संपून थॉर्नसी या इंग्रजी गावाच्या किनाऱ्यावरची काटेरी तार निघाली, त्या साली सुताराने मला घडवले. टणक लाकडाची चौकट, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाड कापड आणि पाठ कमीजास्त कलती करायला मागे तीन खाचा. पहिल्या खाचेत माणूस ताठ बसतो, दुसरीत रेलतो. तिसरीत तो जवळजवळ आडवाच होतो आणि त्याला उठवायला दोघे लागतात. भलेभले पुरुष माझ्यात हातपाय झाडताना मी पाहिले आहेत.

उन्हाळ्यात गिरणीच्या गावांहून एका दिवसासाठी बसगाड्या येत. वारा असो, पाऊस असो, ती माणसे रेनकोट घालून समुद्राकडे तोंड करून बसत. मांडीवर थर्मास, सँडविचमध्ये वाळू. 'आत जाऊ या' असे जो पहिल्यांदा म्हणेल तो हरला, असा त्यांचा न बोललेला नियम होता.

एनिड प्रथम आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नंतर दर जुलैत यायची. आधी नवऱ्याबरोबर, मग मुलीला घेऊन, मग एकटी. दरवेळी मलाच शोधायची आणि शेवटच्या खाचेतच बसायची.

हळूहळू बसगाड्या कमी झाल्या. माझे कापड विटले, त्याला ठिगळ लागले. प्लास्टिकच्या खुर्च्या येणार असे ठरले आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्या सिरिलने, हंगाम संपला की मोडून टाकायच्या होत्या त्यांच्यावर खडूने फुल्या मारल्या. त्यांत मीही होते.

गेल्या जुलैत एनिड काठी टेकत आली. बरोबर तिची मुलगी पॉलीन होती. सिरिल म्हणाला, "बाईसाहेब, ही नको. ही आता गेल्यात जमा आहे."

"माझ्याबद्दलही असंच म्हणतात," एनिड म्हणाली. "मांड तिला."

त्याने मला पहिल्या खाचेत मांडले. एनिडने मला तिथून काढून तिसरीत लावायला सांगितले. ताठच बसायचे तर घरची खुर्ची काय वाईट होती, असे तिचे म्हणणे.

पॉलीन वैतागली. "आई, तुझं तुला उठता आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून ही सहल बंद. कबूल?"

"कबूल. आणि उठले तर पुढच्या वर्षी तू तोंड उघडायचं नाहीस."

दुपारी भुरभुर सुरू झाली. एकेक जण चहाच्या दुकानात शिरला. एनिड हलली नाही. पावसाच्या थेंबांनी चहा पातळ होत होता, तरी ती तो चवीने पीत राहिली.

पाच वाजता बसचा भोंगा वाजला. ती पुढे झुकली, मागे पडली. पुन्हा झुकली. माझ्या ठिगळाचे दोन टाके उसवले. पॉलीनने हात पुढे केला.

"हात मागे घे," एनिड म्हणाली.

मग ती कुशीवर वळली आणि सरळ वाळूत उतरली, लहान मूल रांगते तशी. माझ्या चौकटीला धरून एक गुडघा उचलला, मग दुसरा. तिचा सगळा भार माझ्यावर आला. मी पाय वाळूत रोवले. करकरले, पण वाकले नाही.

"हे काय उठणं झालं?" पॉलीन म्हणाली.

"उभी आहे ना मी? मग झालं."

गुडघ्यांवरची वाळू तिने झटकली नाही. ओल्या रुमालाने माझ्या पाठीवरची फुली मात्र घासून काढली. "पुढच्या जुलैत मला हीच लागेल," ती सिरिलला म्हणाली. सिरिलने खडू खिशात ठेवला. हिवाळाभर मी त्याच्या शेडमध्ये होते. उसवलेले टाकेही त्यानेच घातले.

मित्रांनो, आता पुन्हा जुलै आला आहे आणि मी वाळूवर मांडलेली आहे, तिसऱ्या खाचेत, एनिडची वाट पाहत. जुन्या वस्तूंना कीव नको असते. फुली मारण्याआधी एकदा आमच्यावर भार टाकून तर बघा.